पदवीचा कागद आणि हाताचा अनुभव
(इंजिनिअर कसा घडतो, याची दोनशे वर्षांची हकीगत)



दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या शिक्षक-कक्षाच्या दाराशी पालकांची ये-जा सुरू होते. "सर, पोराला इंजिनिअरिंगला घालायचे आहे. कुठले कॉलेज बरे?" हा प्रश्न ठरलेला. मी इतिहासाचा शिक्षक. यंत्रातले मला फारसे काही कळत नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण "कुठले कॉलेज बरे?" या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न आहे. इंजिनिअर कोणाला म्हणावे, आणि ते ठरवावयाचे कोणी? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो ठाऊक नसल्यामुळे आपल्या ओळखीच्या दोन तरुणांना काय भोगावे लागले, ते आधी सांगतो.

पहिला माझा शाळेतला सोबती. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्याने डिप्लोमा करून लगेच कारखान्यात नोकरी धरली. पुढे पदवी हवी म्हणून दिवसा काम आणि रात्री अभ्यास करून त्याने एका अभिमत विद्यापीठातून दूरशिक्षणाने बी.टेक. पुरे केले. त्या दिवशी मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ती पदवी रद्द झाली. त्याचे वडील मला म्हणाले, "बेटा, याच्या हाताला काम येते असे सगळा कारखाना म्हणतो. मग याचा कागद खोटा कसा?"

दुसरा माझा माजी विद्यार्थी. त्याने रीतसर मान्यता असलेल्या कॉलेजातून चार वर्षांत पदवी घेतली. गुण उत्तम. परंतु चार वर्षांत त्याने एकही महिना कारखान्यात किंवा बांधकामाच्या साइटवर काढला नव्हता. प्रत्येक मुलाखतीत एकच विचारणा होई, "अनुभव काय?" नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. दीड वर्ष तो या चक्रात फिरत राहिला.

एकाकडे हात होता, कागद नव्हता. दुसऱ्याकडे कागद होता, हात नव्हता. वाचकहो, हे दुखणे आजचे नाही. ही दोन अर्धुके दोनशे वर्षांपासून वेगळी पडत आली आहेत आणि ती जोडण्यासाठी जगाने फार मोठी किंमत मोजली आहे.

उस्तादाच्या हाताखाली

आरंभी इंजिनिअरिंगचे कॉलेज नव्हते, पदवीही नव्हती. इंग्लंडात कालवे, पूल व बंदरे बांधणारी माणसे कामावरच शिकलेली होती. मेनाई सामुद्रधुनीवरील प्रसिद्ध झुलता पूल (१८२६) बांधणारे टॉमस टेलफर्ड हे एका मेंढपाळाचे पोरके पोर. ते पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारी करून वर आले. आगगाडीचे इंजिन नावारूपास आणणारे जॉर्ज स्टीफन्सन कोळशाच्या खाणीवर वाढले. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पुढे रात्रशाळेत जाऊन ते अक्षरे शिकले.

१८१८ साली लंडनच्या एका कॉफीगृहात काही तरुण इंजिनिअर जमले आणि त्यांनी 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स' ही संस्था काढली. दोन वर्षांनी, १८२० मध्ये, टेलफर्ड तिचे पहिले अध्यक्ष झाले. १८२८ साली तिला राजसनद मिळाली. इंग्लंडात आजही 'चार्टर्ड इंजिनिअर' हा शब्द मानाने घेतला जातो. चार्टर म्हणजे सनद. या शब्दाचे मूळ या परंपरेत आहे. पुढे १८४७ मध्ये यांत्रिक इंजिनिअरांची स्वतंत्र संस्था निघाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद स्टीफन्सन यांच्याकडे गेले. म्हणजे अठराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवणारा मनुष्य आपल्या व्यवसायाच्या शिखरावर बसला.

या संस्थांचे सभासद होण्यासाठी कॉलेजची पदवी लागत नसे. तुम्ही कोणाच्या हाताखाली किती वर्षे काम केलेत, कोणते काम स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडलेत, हे पाहिले जाई आणि जुन्या सभासदांनी तुमची हमी द्यावी लागे. वाचताना हे फार न्याय्य वाटते. पण या पद्धतीला एक काळी बाजूही होती. नामवंत इंजिनिअरकडे मुलगा शिकावयास ठेवावयाचा तर बापाला मोठी रक्कम मोजावी लागे. टेलफर्ड आणि स्टीफन्सन गरिबीतून वर आले खरे, पण पुढील पिढीत त्यांच्यासारख्या गरिबाच्या मुलाला त्याच दाराबाहेर उभे राहण्याची पाळी आली. अनुभव हीच एकमेव कसोटी असली की ज्याला ओळख व पैसा आहे त्यालाच अनुभव मिळतो. ही गोष्ट आपल्यासारख्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावी.

फ्रान्सने याउलट वाट धरली. तेथे पूल व रस्ते यांचे शिक्षण देणारी सरकारी शाळा १७४७ मध्येच निघाली होती आणि राज्यक्रांतीनंतर १७९४ साली पॅरिसला 'एकोल पॉलिटेक्निक' सुरू झाले. तेथे आधी गणित व शास्त्र आणि मग काम, असा क्रम होता. जगातील सर्व इंजिनिअरिंग कॉलेजे आजवर या दोन वाटांच्या मध्ये कोठेतरी उभी आहेत.

आपल्या देशात

आपल्या मुंबईचे उदाहरण पाहा. जहाजबांधणीत नावाजलेल्या वाडिया घराण्यातील अर्देशर कर्सेटजी यांनी गोदीत काम करीत वाफेच्या यंत्राची विद्या हस्तगत केली. १८३४ मध्ये त्यांनी माझगाव येथील आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून दाखविले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या हाताखाली युरोपियन माणसे काम करू लागली. अर्देशर यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती, कारण मुंबई विद्यापीठच १८५७ साली जन्मास आले.

१८४७ मध्ये गंगेच्या कालव्याचे काम चालू असताना रुरकी येथे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. रुरकीचीच निवड का झाली, हे पाहण्यासारखे आहे. सोलानी नदीवरून कालवा नेणाऱ्या प्रचंड जलसेतूचे बांधकाम तेथे चालले होते आणि कालव्याचा कारखानाही तेथेच होता. विद्यार्थ्यांनी वर्गात नकाशा शिकावा आणि बाहेर येऊन तो विटा-चुन्यात उभा राहताना पाहावा, अशी ती सोय होती. सात वर्षांनी, १८५४ मध्ये, आपल्या पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यांत्रिक शाळा सुरू झाली. सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे कर्मचारी तयार करणे एवढाच तिचा मूळ हेतू होता. पुढे तिचेच सुप्रसिद्ध कॉलेज झाले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे व्ही.जे.टी.आय., स्थापन झाले. गिरण्यांना यंत्रे जाणणारी माणसे हवी होती, ही त्यामागची गरज.

'हाताखालचे कर्मचारी' हे शब्द मी मुद्दाम वापरले. वरच्या जागांसाठी सरकारने १८७१ मध्ये इंग्लंडातच कूपर्स हिल येथे एक स्वतंत्र कॉलेज काढले. तेथून मुख्यतः इंग्रज तरुण शिकून हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यात दाखल होत. ते कॉलेज १९०६ मध्ये बंद झाले. म्हणजे इंजिनिअर कोणाला म्हणावे हा प्रश्न केवळ विद्येचा नव्हता, तो दर्जाचा आणि सत्तेचाही होता. ज्याच्या हाती शिक्का, त्याच्या हाती दार.

अशा काळात पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली एक तरुण इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्यांचे नाव. पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले आणि नाशिक व खानदेश भागात त्यांनी आरंभीची वर्षे काढली. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या पात्रातून पाण्याचा नळ पलीकडे नेण्याचे अवघड काम या नवशिक्या इंजिनिअरने पार पाडले. जवळजवळ वीस वर्षांच्या अशा अनुभवानंतर, १९०३ मध्ये, त्यांची आपोआप उघडणारी दारे खडकवासल्याच्या धरणावर बसली. विद्यार्थी मित्रहो, आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा करतो आणि विश्वेश्वरय्यांचा पहिला क्रमांक सांगतो. त्या पहिल्या क्रमांकानंतरची चिखलातली वीस वर्षे मात्र सांगावयाची राहून जातात.

तीन अपघात आणि तीन धडे

आता थोडे कटू बोलावे लागेल. नोंदणी, परवाना, सक्तीचा अनुभव हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत. त्यांपैकी अनेक नियम माणसे मेल्यानंतर झाले आहेत.

२८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरील पूल वादळात कोसळला. त्या वेळी पुलावर असलेली आगगाडी सर्व प्रवाशांसह नदीत गेली, कोणीही वाचले नाही. हा पूल बांधणारे सर टॉमस बाउच कोवळ्या वयापासून रेल्वेच्या कामावर शिकलेले, भरपूर अनुभवी गृहस्थ होते. पूल पुरा झाला म्हणून त्याच वर्षी त्यांना सरदारकी मिळाली होती. परंतु वाऱ्याचा दाब किती पडेल याचा योग्य हिशेबच त्यांनी धरला नव्हता. चौकशीत पुलाची आखणी, बांधणी आणि देखभाल या तिन्ही गोष्टी सदोष ठरल्या. धडा असा, की शास्त्राचा आधार नसलेला अनुभव अपुरा असतो.

दुसरा अपघात कॅनडातला. २९ ऑगस्ट १९०७ रोजी क्वेबेक येथील बांधकाम चालू असलेला पोलादी पूल पंधरा-वीस सेकंदांत खाली आला आणि ७५ कामगार ठार झाले. येथील सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर हे पदवीधर होते आणि त्यांच्या पाठीशी दीर्घ अनुभवही होता. मग चुकले कोठे? पुलाचा गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट करण्यात आला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने केला गेला नाही. वृद्धापकाळामुळे कूपर न्यूयॉर्कमध्येच बसून होते. प्रत्यक्ष जागेवर त्यांचा प्रतिनिधी म्हणून एक तरुण पदवीधर होता. लोखंडी पट्ट्या वाकू लागल्या आहेत हे त्याने पाहिले होते, कळविलेही होते. पण काम थांबविण्याचा अधिकार त्याच्यापाशी नव्हता. धडा असा, की ज्ञान एका जागी, अनुभव दुसऱ्या जागी आणि जबाबदारी कोठेच नाही, अशी वाटणी झाली तर पूल पडतो.

कॅनडात १९२५ पासून नव्या इंजिनिअरांचा शपथविधी होतो आणि त्यांना करंगळीत घालावयास एक साधी लोखंडी अंगठी देतात. ती त्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते असे लोक सांगतात. ती केवळ दंतकथा आहे. पण नकाशावर रेघ ओढताना करंगळी कागदाला घासते आणि अंगठी आठवण देते, हा त्यामागचा हेतू मात्र खरा.

तिसरी घटना सांगताना शिक्षक म्हणून माझा हात जड होतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सस राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी शाळेची इमारत नैसर्गिक वायूच्या स्फोटाने उडाली. शाळा सुटण्याची वेळ झाली होती. सुमारे ३०० विद्यार्थी आणि शिक्षक मरण पावले. खर्च वाचावा म्हणून तेलक्षेत्राच्या नळातून वाया जाणारा वायू शाळेला जोडून घेतला होता. त्या वायूला वास नव्हता, म्हणून गळती कोणाला कळली नाही. त्याच वर्षी टेक्ससने परवान्याशिवाय इंजिनिअरचे काम करण्यास बंदी घालणारा कायदा केला. वायूला मुद्दाम उग्र वास लावण्याची सक्तीही तेव्हा झाली. आपल्या घरी सिलिंडर गळू लागला की जो वास येतो, त्यामागे कोणाची तरी लेकरे गेलेली आहेत, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

अमेरिकेत परवान्याचा पहिला कायदा त्याआधीच, १९०७ मध्ये, वायोमिंग राज्यात झाला होता. त्याचे कारण वेगळे होते. तेथे पाण्याच्या हक्कासाठी सादर होणारे नकाशे वाटेल तो मनुष्य काढून त्यावर सही ठोकत असे.

कॉलेजची परीक्षा कोण घेणार?

विद्यार्थ्याची परीक्षा कॉलेज घेते. पण कॉलेजची परीक्षा कोणी घ्यावयाची? या प्रश्नातून 'मानांकन' ही कल्पना निघाली. अमेरिकेत १९३२ साली इंजिनिअरांच्या संघटनांनी एकत्र येऊन एक मंडळ स्थापन केले आणि चार वर्षांनी ते कॉलेजांतील अभ्यासक्रम तपासून मानांकन देऊ लागले. १९८० पासून हेच मंडळ 'एबेट' या नावाने ओळखले जाते. तेथे परवानाधारक इंजिनिअर होण्याची नेहमीची वाट अशी आहे : मानांकित पदवी, मूलभूत विषयांची परीक्षा, जाणत्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली साधारण चार वर्षांचा अनुभव आणि त्यानंतर शेवटची परीक्षा. म्हणजे पदवी हा उंबरठा होय. घर त्याच्या आत आहे.

अनुभव मात्र पदवीनंतरच का? पदवी चालू असतानाच का नको? हा प्रश्न सिनसिनाटी विद्यापीठातील हर्मन श्नायडर यांना पडला. १९०६ मध्ये त्यांनी २७ विद्यार्थी घेऊन एक प्रयोग केला. जोडीतला एक विद्यार्थी कारखान्यात असे, तेव्हा दुसरा वर्गात. मग दोघे जागा बदलत. अनेकांनी नाके मुरडली. तरीही प्रयोग टिकला आणि पसरला. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ साली याच पायावर उभे राहिले. या पद्धतीत मुलाला कामाचा मोबदला मिळतो आणि त्यातून फीला हातभार लागतो, ही गोष्ट गरीब पालकांच्या दृष्टीने लहान नव्हे.

१९८९ साली अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतील मानांकन-संस्थांनी 'वॉशिंग्टन करार' केला. एका देशातील मानांकित पदवी दुसऱ्यांनी समकक्ष मानावी, असा त्याचा आशय आहे. आपल्या देशात १९९४ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए, स्थापन झाले. भारताला २००७ मध्ये या कराराचे तात्पुरते आणि जून २०१४ मध्ये पूर्ण सभासदत्व मिळाले.

येथे पालकांनी तीन शब्दांतील फरक नीट समजून घ्यावा, कारण जाहिरातींत ते एकत्र कालविले जातात. एआयसीटीईची 'मान्यता' म्हणजे कॉलेज चालविण्याची परवानगी. 'नॅक'ची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. एनबीएचे 'मानांकन' कॉलेजला मिळत नसून त्यातील एकेका अभ्यासक्रमाला, ठराविक वर्षांपुरते मिळते. एकाच कॉलेजात सिव्हिलला मानांकन असेल आणि मेकॅनिकलला नसेल, असे होऊ शकते. शिवाय एनबीएच्या दोन श्रेणी आहेत आणि वॉशिंग्टन कराराचा लाभ पहिल्या श्रेणीतील अभ्यासक्रमांनाच मिळतो.

आखाताचा अनुभव

हा फरक कागदावरचा आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी २०१८ चे कुवेत आठवावे. कोकणातील किती घरांची चूल आखातातील पगारावर पेटते, हे आपल्याला सांगावयास नको. त्या वर्षी कुवेतच्या मनुष्यबळ प्राधिकरणाने नियम केला, की परदेशी इंजिनिअरांना कामाचा परवाना नव्याने हवा असेल तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचे ना-हरकत पत्र आणावे. सोसायटीने भारतीय पदव्यांसाठी एनबीए मानांकनाची अट धरली. वर्षानुवर्षे तेथे इमानाने काम केलेल्या हजारो भारतीय इंजिनिअरांची झोप उडाली. त्यांतील काहीजण तर एनबीए जन्मास येण्यापूर्वीच पदवीधर झाले होते! ज्या परीक्षेची वेळ आपल्या तरुणपणी आलीच नव्हती, तीत नापास ठरण्याची ही पाळी. नामांकित संस्थांतून शिकलेलेही यात सापडले आणि प्रकरण आपल्या परराष्ट्र मंत्रालयापर्यंत गेले. सौदी अरेबियातही अभियंता म्हणून काम करावयाचे तर तेथील कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी लागते.

कुवेतची अट योग्य होती की अन्यायाची, यावर वाद होऊ शकतो. जुन्या लोकांच्या बाबतीत ती अन्यायाचीच झाली, असे माझे मत आहे. पण कागदाची कसोटी आपण ठरवीत नाही, समोरचा ठरवतो, हे त्यातून कळले.

कष्टकऱ्यांची वाट

माझ्या सोबत्यासारख्या नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी आपल्या देशात एक जुनी, मानाची वाट होती. १९२० साली स्थापन झालेली आणि १९३५ मध्ये राजसनद मिळालेली 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' ही संस्था १९२८ पासून परीक्षा घेत आली आहे. ए.एम.आय.ई. या नावाने ती परिचित आहे. कारखान्यात किंवा खात्यात काम करणाऱ्या कित्येकांनी रात्रीचा दिवस करून ही परीक्षा दिली. सरकारने ती पदवीच्या बरोबरीची मानली होती. परंतु केंद्र सरकारच्या निर्णयानुसार ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांनाच ही समकक्षता मिळते. आजही कोणी जुन्या ऐकीव माहितीवर मुलाला या वाटेने पाठवीत असेल, तर त्याने आधी ही तारीख पाहावी.

दूरशिक्षणाच्या पदव्यांचे काय झाले, ते वर आलेच आहे. २०१७ च्या त्या निकालात न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीवाचून चालविलेल्या इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांचा विचार केला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षेची संधी दिली आणि त्यानंतरच्या पदव्या रद्द केल्या. प्रयोगशाळेत व कार्यशाळेत हात न लावता इंजिनिअर होता येत नाही, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पण माझ्या सोबत्याच्या वडिलांचा प्रश्न मला अजून सलतो. कार्यशाळा तर त्यांच्या मुलाने रोजच पाहिली होती. त्याच्याजवळ नव्हता तो तपासणीचा शिक्का, आणि त्याबद्दल प्रवेशाच्या वेळी त्याला कोणी सावध केले नाही. आम्ही शिक्षकही त्यात आलो. मी स्वतः त्याच्या पदवीचे पेढे खाल्ले आहेत.

त्याचा डिप्लोमा मात्र खरा होता, अनुभव खरा होता. त्या दोहोंच्या जोरावर तो आज त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे. हात कोणाला रद्द करता येत नाही, एवढे समाधान.

आणि दुसरा, अनुभव नसलेला? त्याला शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याने हात दिला. १९६१ चा हा कायदा आधी आय.टी.आय.च्या कामगारांपुरता समजला जाई. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात इंजिनिअरिंगचे पदवीधर व डिप्लोमाधारकही आले. पदवीनंतर एक वर्ष कारखान्यात शिकाऊ म्हणून काम करावयाचे, विद्यावेतन घ्यावयाचे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळवावयाचे. मुलाला हे ठाऊकच नव्हते. पदवी घेऊन 'शिकाऊ' म्हणवून घेण्यात कमीपणा वाटतो, असेही तो म्हणाला. मी त्याला विश्वेश्वरय्यांची पांझरा नदी सांगितली. तो गेला. वर्षभरात त्याच्या बोटांना काळे डाग पडले आणि त्याच्या आईने ते मला कौतुकाने दाखविले.

अजून अपुरे काम

आपल्याकडे डॉक्टर व वकील यांची नोंदणी कायद्याने होते. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरांसाठी मात्र सर्व देशाला लागू असा नोंदणीचा कायदा अद्याप नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गुजरातेत इमारती पडल्या, त्यानंतर त्या राज्याने सिव्हिल इंजिनिअरांच्या नोंदणीसाठी २००६ साली कायदा केला. म्हणजे पुन्हा तेच. आधी ढिगारा, मग नियम.

आणि ढिगारा आपल्यापासून दूर नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. ती काही शंभर वर्षांची जुनी वास्तू नव्हती. आपण मुलाला इंजिनिअर करतो तेव्हा पगाराचा विचार करतो. तो करावाच. पण त्याच्या सहीने उभ्या राहणाऱ्या भिंतीखाली कोणाचे तरी कुटुंब झोपणार आहे, हा विचार पगाराच्या आधी यावा.

शेवटी, पालकहो, प्रवेशाच्या वेळी चार गोष्टी विचारा. या अभ्यासक्रमाला एआयसीटीईची मान्यता या वर्षासाठी आहे काय? ज्या शाखेत मुलगा किंवा मुलगी जाणार, त्या शाखेला एनबीए मानांकन आहे काय, आणि कोणत्या वर्षापर्यंत? चार वर्षांत प्रत्यक्ष कारखान्यात वा साइटवर किती आठवडे काम करावे लागेल? आणि ते काम कोणाच्या देखरेखीखाली? उत्तरे तोंडी घेऊ नका. एआयसीटीई आणि एनबीएच्या याद्या सर्वांना पाहण्यास खुल्या आहेत. ज्यांना त्या पाहता येत नसतील त्यांनी शाळेत यावे, आपण मिळून पाहू.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एकच सांगणे. टेलफर्डच्या काळी हात असला की पुरे होई, पण गरिबाला दार बंद झाले. नंतर कागदाने दार उघडले, पण हात सुटला. तुमच्या पिढीला दोन्ही मिळण्याची संधी आहे. सुटीत ओळखीच्या गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये, बांधकामावर जा. झाडू मारावा लागला तरी जा. प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापूर्वी ती भिंत कशी उभी राहते, हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहून या.